दवाखान्यात संशोधनाच्या कागदावर सही मागितली तर? आधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : लघवी अडकते, रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं, मुतखड्याची कळ उठते, पायावर सूज येते. अशा तक्रारी घेऊन पैठण, फुलंब्री, गंगापूर, सिल्लोडकडची माणसं रोज शहर गाठतात. कोणी घाटीत जातं, कोणी गारखेडा परिसरातल्या दवाखान्यांत. मोठ्या दवाखान्यात कधी कधी डॉक्टर विचारतात, "या आजाराच्या औषधाचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?" आणि समोर बरीच पानं असलेला कागद येतो.

मग काही जण घाबरून निघून जातात, तर काही जण न वाचताच अंगठा देतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

अभ्यास म्हणजे नेमकं काय?

नवं खत आलं तर शहाणा शेतकरी ते सगळ्या वावरात टाकत नाही. अर्ध्या कपाशीला नवं, अर्ध्याला जुनं देऊन बघतो. औषधाचंही तसंच. काही पेशंटला नवं औषध, काहींना जुनं औषध किंवा औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देतात. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. बऱ्याचदा ते डॉक्टरलाही माहीत नसतं. म्हणजे निकालात कोणाच्या मनाची ओढ येत नाही.

यातून काय हाती लागलं?

*मुतखडा :* इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं अभ्यास झाला. तो १९९६ मध्ये छापून आला. दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत १०० पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ जणांना. उन्हात काम करणाऱ्याला तर घामामुळे अजून जास्त पाणी लागतं. (ज्यांची किडनी किंवा हृदय कमजोर आहे त्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरलाच विचारावं.)

*प्रोस्टेट :* वय वाढलं की पुरुषांची ही गाठ फुगते आणि लघवीची वाट दाबते. त्यावर 'सॉ पाल्मेटो' या झाडाच्या फळाचा अर्क खूप विकला जातो. अमेरिकेत २२५ पुरुषांवर वर्षभर तपासून पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त फायदा दिसला नाही. हा निकाल २००६ चा. जाहिरात पाहून पैसे घालवण्याआधी एवढं आठवावं.

*किडनी :* डापाग्लिफ्लोझिन हे मूळचं शुगरचं औषध. भारतासह २१ देशांतल्या ४,३०४ किडनीच्या पेशंटवर ते तपासलं गेलं. त्यात शुगर नसलेलेही होते. २०२० च्या निकालात किडनी जास्त बिघडणं, निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू, यातलं काही घडलेले खोट्या गोळीच्या गटात १०० मागे साधारण १४-१५ जण होते, औषधाच्या गटात ९. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पण हे औषध मनाने घ्यायचं नाही.

हे सगळं कळलं ते भाग घेणाऱ्या पेशंटमुळेच. म्हणून संशोधन वाईट नाही. पण त्यात जाणाऱ्याला आपले हक्क माहीत पाहिजेत.

तुमचे हक्क

देशात औषध चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत.

- कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे. मराठी मागा. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहते.
- वाचता येत नसेल तर कागद समजावताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार शेवटपर्यंत हजर पाहिजे आणि त्याचीही सही पाहिजे.
- नाही म्हणता येतं. मधूनच बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.
- चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईचाही हक्क आहे.
- प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात जण असतात, त्यात कायद्याचा जाणकार आणि सामान्य माणूसही असतो.

सही करण्याआधी पाच प्रश्न

१. मला औषध नसलेली गोळी मिळू शकते का?
२. माझी चालू औषधं बंद करावी लागतील का?
३. किती फेऱ्या होतील, आणि गाडीभाडं व तपासण्यांचा खर्च कोण देणार?
४. रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
५. चाचणीचा सीटीआरआय नंबर काय?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सीटीआरआय ही औषध चाचण्यांची सरकारी नोंदवही. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नव्या औषधांच्या चाचणीची त्यात नोंद सक्तीची आहे. मोबाईलवर 'सीटीआरआय' शोधून तो नंबर टाकला की चाचणी कोणाची, कुठे, कशासाठी ते दिसतं. ती माहिती इंग्रजीत असते, तेव्हा घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवून वाचून घ्या.

खरेदीखत आपण दोन माणसांना दाखवल्याशिवाय सही करत नाही. हा कागदही घरी आणा, मुलांना, गावातल्या जाणत्याला दाखवा. विचार करायला वेळ मागणं हाही हक्कच आहे. "आत्ताच सही करा" म्हणून कोणी घाई करत असेल, तर तिथे सही करू नका.