नेत्यांची किक आणि शाळेचे मैदान

कामठी : स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेल्या नेत्याने चेंडूला पाय लावला, की छायाचित्रकारांचे काम संपते. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र फ्लेक्सवर झळकते आणि लोकप्रतिनिधी ‘क्रीडाप्रेमी’ ठरतो. नेत्याची प्रतिमा घडवायला एक किक पुरते. शाळकरी खेळाडू घडवायला मात्र किती वर्षे आणि कोणती व्यवस्था लागते, याचा विचार मांडव उतरला की मागे पडतो.

कामठीला हा विषय परका नाही. १८२१ मध्ये वसलेल्या या छावणीच्या गावात फुटबॉल रुजला आणि इथला रब्बानी क्लब नागपूरच्या लीगमध्ये खेळत आला. राजकारणातील प्रतिमांचेही इथे नाना प्रकार दिसतात. माजी राज्यमंत्री सुलेखा कुंभारे यांचे नाव १९९९ मध्ये उभ्या राहिलेल्या ड्रॅगन पॅलेसशी जोडले गेले. चंद्रशेखर बावनकुळे यांच्याबाबत ‘ऑटोरिक्षाचालक ते मंत्री’ हा प्रवास आवर्जून सांगितला जातो. शेजारच्या नागपुरात नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २०१८ पासून खासदार क्रीडा महोत्सव भरू लागला. कामठी विधानसभा क्षेत्र रामटेक लोकसभा मतदारसंघात मोडत असले, तरी त्या महोत्सवाचे वलय इथवर पोहोचते.

असे महोत्सव व्यर्थ आहेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यातून मुलांना खेळण्याची संधी मिळते. परंतु महोत्सव आणि धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असणे आवश्यक आहे. मैदान किती मोठे असावे, हे मात्र तिथे नमूद नाही. त्यामुळे दाट वस्तीतील शाळेचे अंगणही कागदोपत्री ‘मैदान’ ठरू शकते. सहावी ते आठवीची पटसंख्या १०० हून अधिक असेल, तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद लागू होते. पहिली ते पाचवीसाठी अशा स्वतंत्र निदेशकाचा उल्लेखच नाही. पट कमी असलेल्या शाळेत खेळाचा तास मग गणित किंवा भाषेच्या शिक्षकाच्या मर्जीवर चालतो आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच तासाचा जातो.

निधी कुठे अडतो?

खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. या निधीतून टिकाऊ मत्ता उभारता येते, वेतनासारखा आवर्ती खर्च करता येत नाही. मैदानाची कुंपणभिंत होऊ शकते, प्रशिक्षकाचा पगार नाही. भिंतीवर नावाचा फलक लागतो. प्रशिक्षकाच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. प्रतिमेचे गणित आणि निधीचा नियम इथे एकाच दिशेने झुकतात आणि शाळेला सर्वाधिक गरज असलेला माणूसच तेवढा मिळत नाही.

एक दिवस आणि बाकीचे दिवस

१७ वर्षांखालील विश्वचषकाच्या पार्श्वभूमीवर १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. राज्यातील १० लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, हा संकल्प होता. त्यानिमित्त शाळांना चेंडूही वाटण्यात आले. उत्साह खराच होता. पण चेंडू झिजतो, त्यातली हवा जाते, त्याच्या जागी नवा आणावा लागतो. विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. तिथे निवास, प्रशिक्षण आणि शाळा यांची सांगड रोज घातली जाते. त्याला घडवले ते या रोजच्या सरावाने.

राज्याने खेळाडूंसाठी काहीच केले नाही, असेही नाही. दहावी-बारावीच्या खेळाडूंना कमाल २५ सवलतीचे गुण मिळू शकतात. शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पण या सवलती स्पर्धेत चमकलेल्या मुलांसाठी आहेत. तालुका पातळीच्या संघातही न पोहोचणाऱ्या, तरीही रोज तासभर धावण्याची गरज असलेल्या मुलांचा त्यांत विचार नाही. शालेय क्रीडा धोरणाची खरी कसोटी हीच मुले आहेत.

मतदारांच्या हाती यावर साधा उपाय आहे. पुढच्या उद्घाटनाला नेते येतील, तेव्हा पालकांनी तीन प्रश्न विचारावेत : शाळेत खेळाचा शिक्षक आहे का, आठवड्यात किती तास प्रत्यक्ष मैदानावर होतात आणि सुटीनंतर मैदानाचे फाटक उघडे असते का? उत्तरे मिळाली, तर छायाचित्राला हरकत नाही. किक मारणाऱ्याने तेवढे श्रेय जरूर घ्यावे.