पऱ्हाटीच्या गोष्टी: काय खरं, काय ऐकीव

सप्टेंबरच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात जा. पऱ्हाटी गर्द हिरवी असते, बोंडं टणक दिसतात, वरून कुठे डाग नाही. धुऱ्यावर बसून एक हिरवं बोंड चाकूनं उभं चिरलं, की कधीकधी ओल्या कापसात सरकी पोखरणारी गुलाबी अळी दिसते. ती शिरते तेव्हा अगदी बारीक असते. तिनं पाडलेलं छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जातं, म्हणून वरून काहीच कळत नाही.

असं बोंड हातात घेऊन शेतकरी कृषी केंद्रात जातो. तिथे सल्ला मिळतो, पण बाटलीसोबत. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याचं पोट विक्रीवर आहे इतकंच. ज्याला काहीच विकायचं नाही असा सल्लागार लहान शेतकऱ्याजवळ एकच आहे, तो म्हणजे सरकारी कृषी संशोधन. आणि नेमके त्याच्याचबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

गैरसमज: ‘कृषी विद्यापीठानं आम्हाला काय दिलं?’

पारावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या घरातलंच धान्य बघू. तुरीचा बीएसएमआर 736 हा मर आणि वांझ रोगापुढे तग धरणारा वाण परभणी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रातून आला. जाकी 9218 हा हरभरा अकोल्याचं विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांच्या कामातून आला. ज्या जेएस 335 सोयाबीननं विदर्भाचा खरीप बदलून टाकला, ती जबलपूरच्या विद्यापीठाची. बीटी येण्याआधी गावोगाव दिसणारी एनएचएच 44 कपाशी नांदेडच्या संशोधन केंद्राची आणि पीकेव्ही हायब्रीड 2 अकोल्याची. पिशवीवर वाणाचा नंबर असतो, तो काढणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव नसतं, म्हणून हे ध्यानात राहत नाही.

या विद्यापीठांशी यवतमाळचं नातंही जवळचं आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं 1968 ते 1972 या काळात उभी राहिली. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांचा जन्मदिवस, 1 जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. अकोल्याच्या विद्यापीठाला देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचं नाव आहे, आणि त्याचं विभागीय कृषी संशोधन केंद्र यवतमाळातच आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून काम करते आहे. म्हणजे संशोधन दूर कुठे नाही. त्याच्याकडे जाणारी वाट मोडली आहे, आणि ती कुठे मोडली हे पुढच्या गैरसमजात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

गैरसमज: ‘बीटी पेरली म्हणजे अळीची चिंता मिटली.’

बीटी कपाशीला देशात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीजी-2 आली 2006 मध्ये. या जनुकांमुळे झाडात तयार होणारं प्रथिन बोंडअळ्यांना मारतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्याचा काही परिणाम नाही. तरी ‘बीटी असून कीड कशी?’ हा प्रश्न आजही तुडतुडे बघूनच विचारला जातो.

बोंडअळ्यांचंही संरक्षण कायमचं नव्हतं. एकच विष वर्षानुवर्षं खाऊन जी अळी जगते, तिची पिल्लंही जगतात. गुलाबी बोंडअळी तर जवळपास कपाशीवरच जगते, त्यामुळे तिच्यात ही ताकद लवकर आली. आधी गुजरातेत एका जनुकाला, मग बीजी-2 लाही ती पुरून उरली. 2017 च्या खरिपात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी त्यापायी हाल भोगले.

हे होणार हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर बियाण्याच्या पाकिटात साध्या कपाशीची वेगळी पुडी दिलेली असायची. ती शेताच्या कडेनं पेरली, की तिच्यावर साध्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग बीटीवर जगलेल्या पतंगांशी मिलन करतात आणि पुढच्या पिढीतली विषाला न जुमानणारी ताकद पातळ होते. ती पुडी कुणी फेकून दिली, कुणी नांग्या भरायला वापरली, कुणी उघडलीसुद्धा नाही. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. दीड-दोन एकरांच्या माणसाला ‘थोडी जागा अळीसाठी सोड’ म्हणायचं, तर समोर बसून कारण सांगावं लागतं. पुडीवरच्या बारीक अक्षरांनी ते काम होत नाही. शास्त्र बरोबर होतं, सांगणारा माणूस नव्हता. पुढे ते बियाणं पाकिटातच मिसळून देण्याचा नियम झाला.

आता काय करता येतं? एकराला वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडायची आणि चिरून बघायची. दोनांत अळी निघाली तर नुकसान 10 टक्क्यांवर गेलं, फवारणीची वेळ झाली. एकाही बोंडात नसेल तर पैसे वाचले. जोडीला कामगंध सापळे लावायचे आणि सलग तीन रात्री प्रत्येकात आठ-दहा पतंग आले तर सावध व्हायचं. डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. सगळ्यात महत्त्वाचं, फरदड ठेवायची नाही, कारण जानेवारीनंतर उभ्या पऱ्हाटीवर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. या उपायांना खर्च फार नाही, वेळेवर सांगणारं कुणीतरी लागतं.

आणि ती ‘चोर बीटी’? तणनाशकाला दाद न देणाऱ्या त्या कपाशीला देशात लागवडीची परवानगी नाही. तिचा तो जादा गुण तणापुरता आहे, बोंडअळीशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज: ‘दोन-तीन औषधं एकत्र मारली की जोर वाढतो.’

याची किंमत या जिल्ह्यानं जिवांनी मोजली आहे. 2017 च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा वरून अंगावर पडत होता, हातमोजे नव्हते, तोंडाला रुमाल होता आणि टाकीत औषधांचं मिश्रण होतं. मिश्रणातली औषधं एकमेकांशी जुळतात का, हे प्रयोगशाळेत तपासायचं असतं. ते दुकानात ठरत होतं. जास्त फवारणीनं मित्रकिडीही मरतात आणि पांढरी माशी आणखी वाढते. वारा तोंडावर असताना आणि उपाशीपोटी फवारू नये, हेही किती जणांना कुणी समजावून सांगितलं होतं?

गैरसमज: ‘संकरित म्हणजेच सुधारित.’

संकरित बियाण्यापासून पिकलेली सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. सरळ वाणाचं बियाणं मात्र घरचं ठेवता येतं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील सरळ वाण पेरतात. जवळजवळ सगळी कपाशी संकरित पेरणारा मोठा देश आपलाच. संकरित झाडं विरळ लावतात, ती पसरतात आणि उशिरापर्यंत बोंडं धरतात. हलक्या जमिनीत तोवर ओल संपलेली असते आणि गुलाबी अळी आलेली असते. कमी दिवसांचे, आटोपशीर वाण दाट लावा, असं केंद्रीय कापूस संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती वर्षानुवर्षं सांगत आले. माझ्या मते कोरडवाहू यवतमाळसाठी हीच दिशा बरोबर आहे.

इथे सरकारी संशोधनाची चूकही सांगितली पाहिजे. बिकानेरी नरमा ही पहिली सरकारी बीटी कपाशी 2009 मध्ये आली, पण तिच्यात परकं जनुक मिसळल्याचं आढळलं आणि ती मागे घ्यावी लागली. पीकेव्ही हायब्रीड 2 आणि एनएचएच 44 यांना बीजी-2 ची जोड मिळेस्तोवर पंधराएक वर्षं उलटली होती. तेवढ्या काळात बाजार दुसऱ्यांच्या ताब्यात गेला.

सरळ वाणाचं घरचं बियाणं म्हणाल, तर सोयाबीनचं बहुतेकांना ठेवता येतं. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवा, आठवड्यानं मोजा. 70 उगवले तर बियाणं पेरणीजोगं आहे.

गैरसमज: ‘संशोधनावर एवढा खर्च कशाला?’

केंद्राच्या 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार कृषी संशोधनात आणि शिक्षणात घातलेल्या एका रुपयाचे 13 रुपये 85 पैसे होऊन परत येतात. तरी विद्यापीठांत शास्त्रज्ञांची आणि तंत्र सहायकांची पदं मोठ्या संख्येनं रिकामी आहेत, आणि एका सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा कृषी सहायक) कितीतरी गावं असतात. 2008 मध्ये विदर्भात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हा राज्यानं किडींवर नजर ठेवण्यासाठी क्रॉपसॅप प्रकल्प उभारला. विद्यापीठं, कृषी खातं आणि केंद्रीय संस्था त्यात एकत्र आल्या. माणसं आणि पैसा दिला तर हीच यंत्रणा काम करते, हे तिथे दिसलं.

पण संशोधन कुठल्या जमिनीत तपासलं, हेही बघावं लागतं. यवतमाळात वणीची काळी जमीन आणि हलकी मुरमाड जमीन यांना एकच शिफारस चालत नाही. कृषी विज्ञान केंद्राची आद्यरेषा प्रात्यक्षिकं जितकी हलक्या, बिनपाण्याच्या वावरात होतील, तितका त्यांचा आकडा लहान शेतकऱ्याच्या कामाचा. अकोल्याच्या विद्यापीठाच्या शिवार फेरीला जाल तेव्हा हिरव्यागार प्लॉटसमोर उभे राहून हेच विचारा: मुरमाड जमीन, एकही पाणी नाही, ऑगस्टात तीन आठवडे पावसाचा खंड पडला, अशा वावरात या वाणाचा एकरी उतारा किती आला?