बोटीत पेट्रोलचा वास येतोय? आधी इंजिन बंद, मग गळतीचा शोध

छोट्या मोटरबोटीतील इंधनगळती कुठून होते, कशी शोधायची, कोणती दुरुस्ती स्वतः करता येते आणि कुठे मिस्त्रीच हवा? समजून घ्या

बुलढाणा : जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा अर्थात संत चोखासागर, मोताळा तालुक्यातील नळगंगा, मेहकर तालुक्यातील पेनटाकळी आणि बुलढाणा शहराची तहान भागवणारे येळगाव ही त्यातली काही ठळक नावे. पाणी आले की बोट आली. कुणाची मासेमारीसाठी, कुणाची हौसेची, तर कुठली बचावकार्यासाठी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने थैमान घातले होते. अशा वेळी ऐनवेळी सुरू होणारी बोट म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या छोट्या बोटींच्या मागे लावलेले पेट्रोल इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोलीत ‘ओबीएम’. त्याची सर्वात सामान्य आणि सर्वात दुर्लक्षित तक्रार म्हणजे इंधनगळती. ‘थोडा वास येतोच’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. धोका तिथेच आहे.

थेंबभर पेट्रोलला एवढे का घाबरायचे?

पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ. ही वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे आपल्याकडे ती वर्षभर, रात्रंदिवस तयार होतच असते. दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. दुचाकीची टाकी गळली तर खाली मोकळी जमीन असते, वारा वाफ घेऊन जातो. बोट मात्र खोलगट घमेल्यासारखी असते. वाफ तळाशी बसते आणि तिथेच साचते.

साधा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला ३,६०० थेंब होतात, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर, एक कटिंग चहा एवढे पेट्रोल. त्याची सुमारे २० लिटर वाफ होते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण अवघे दीड टक्क्याच्या आसपास गेले की मिश्रण पेटू शकते. म्हणजे एक कटिंग पेट्रोल हजार-दीड हजार लिटर हवा पेटती करायला पुरेसे आहे. ठिणगी मग स्टार्टरची असो, बॅटरीच्या सैल वायरची असो किंवा बिडीची.

जमिनीवर आग लागली तर पळता येते, पाण्यात तेवढी जागा नसते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी अलिबागजवळ समुद्रात एका मासेमारी बोटीने पेट घेतला. सुदैवाने सर्व खलाशी बचावले. आगीचे कारण कोणतेही असो, बोटीवर हाताशी मिळणारा वेळ किती थोडा असतो, हे अशा घटनांतून दिसते.

गळती नेमकी कुठून होते?

टाकीकडून इंजिनकडे क्रमाने पाहत गेले की शोध सोपा होतो.

• टाकीचे झाकण : आतला रबरी वायसर कडक झालेला असतो किंवा हवेचा स्क्रू नीट बंद होत नाही.
• पाइपचे जोड : टाकी आणि इंजिन या दोन्ही टोकांना खटक्याने बसणारे कनेक्टर असतात. त्यातली छोटी ओ-रिंग झिजते.
• प्रायमर बल्ब : इंजिन सुरू करण्यापूर्वी हाताने दाबायचा रबरी फुगा. त्याला उन्हाने भेगा पडतात.
• पाइप : वाकतो तिथे आणि क्लॅम्पच्या कडेला तडकतो.
• फिल्टर आणि इंधन पंप : फिल्टरच्या वाटीची रिंग किंवा पंपाचा पातळ पडदा फाटतो.
• कार्ब्युरेटर : नीडलमध्ये कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाही. दुचाकीचे मिस्त्री यालाच ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

ऊन आणि इथेनॉल

विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद टाकी उन्हात राहिली की आत दाब वाढतो आणि पेट्रोल पाइपमधून इंजिनकडे ढकलले जाते. बोट उभी असतानाही कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकते ते यामुळेच. उपाय सोपा आहे. काम संपले की पाइप टाकीपासून सोडवा आणि टाकी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. घरात किंवा चुलीजवळ मात्र नको.

दुसरे कारण नवे आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्याला न चालणारे जुने रबर मऊ पडते, फुगते किंवा चिरते. त्यामुळे जुन्या इंजिनचे पाइप आणि ओ-रिंग ‘दिसायला चांगले’ असले तरी हाताने दाबून, वाकवून तपासायला हवेत. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नये.

गळती कशी शोधायची?

१. वास येताच इंजिन बंद करा. बोट काठाला घ्या, माणसे उतरवा. बिडी, सिगारेट, मोबाइल दूर ठेवा.

२. लगेच बॅटरीची वायर काढायला धावू नका, तिथेच ठिणगी पडू शकते. दिवा, पंप असे कोणतेही बटण चालू-बंद करू नका. इंजिनचे कव्हर आणि बोटीतली झाकणे उघडून आधी वाफ जाऊ द्या. वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी सोडवा.

३. टाकी उचलून जमिनीवर घ्या. सर्व जोड कोरड्या कापडाने पुसा.

४. टाकी पुन्हा जोडून प्रायमर बल्ब दाबत राहा. काही दाबांत तो कडक व्हायला हवा. कडक होतच नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा बल्बच्या आतला व्हॉल्व्ह गेला आहे. कडक होऊन पुन्हा मऊ पडत असेल तर पुढे गळती आहे.

५. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरा. ओला डाग पडला तिथे गळती. जोडावर साबणाचे पाणी लावले तर बुडबुडेही दिसतात. काडी ओढून पाहणे म्हणजे आत्मघात.

एक गोष्ट अनेकांना चकवते. इंजिन चालू असताना पंप पेट्रोल ओढत असतो. त्यामुळे तडकलेल्या पाइपमधून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. थेंब दिसत नाही, फक्त इंजिन अडखळते. बंद केल्यावर किंवा बल्ब दाबल्यावर तोच पाइप गळतो. म्हणून अडखळणारे इंजिन हीसुद्धा गळतीची खूण समजावी.

दुरुस्ती : काय स्वतः, काय मिस्त्रीकडून?

ओ-रिंग, झाकणाचा वायसर, पाइप, बल्ब आणि क्लॅम्प बदलणे स्वतः करता येते. तडकलेला पाइप जोडत बसू नका, पूर्ण बदला. नवा पाइप बोटीच्या इंधनासाठीच बनवलेला आणि इथेनॉल चालणारा हवा. इंजिन वळते आणि वर उचलले जाते, म्हणून पाइपला थोडी ढील ठेवा. बल्बवरचा बाण इंजिनच्या दिशेने असावा. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि पाइप कापला जाईल इतके आवळू नका.

कार्ब्युरेटर, इंधन पंप किंवा बोटीतच पक्की बसवलेली टाकी गळत असेल तर काम जाणकार मिस्त्रीकडे द्या. नवख्या हाताने उघडलेला कार्ब्युरेटर जास्त गळतो.

दुरुस्तीनंतर बल्ब कडक करून दहा मिनिटे थांबा आणि सर्व जोड पुन्हा पाहा. मगच इंजिन सुरू करा. तेही कोरडे नाही, खालचा भाग पाण्याच्या ड्रमात बुडवून. अन्यथा गळती बंद होईल आणि इंजिन तापून जाईल.

हे जुगाड नकोत

कूलरचा किंवा ठिबकचा प्लास्टिक पाइप, क्लॅम्पऐवजी बांधलेली तार, भेगेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, टाकीच्या भोकाला साबण. यातले काहीही पेट्रोलपुढे टिकत नाही. काठापर्यंत परतण्यापुरतेही त्यावर विसंबू नये.

कायदा काय सांगतो?

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटींना नोंदणी, तपासणी आणि विमा यांचे नियम लागू होतात. जलाशयात बोट उतरवण्यापूर्वी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येते. प्लास्टिकच्या बाटल्यांत साठवणे धोक्याचे आहेच.

आणखी एक जबाबदारी आहे. यातले कित्येक जलाशय कुणाच्या तरी नळाला पाणी देतात. तळाशी साचलेले पेट्रोल पंपाने किंवा डब्याने पाण्यात फेकू नका. कापडाने टिपून घ्या आणि ते कापड पिशवीत न कोंबता उघड्यावर, आगीपासून दूर वाळवा.

लक्षात ठेवा

• टाकी नेहमी बोटीबाहेर, जमिनीवर ठेवून भरा. पंपाची नळी टाकीच्या तोंडाला टेकलेली असू द्या. काठोकाठ भरू नका.
• प्रत्येक फेरीपूर्वी नाकाने तपासा. वास आला तर फेरी रद्द.
• पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.
• प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे.
• संकटात ११२ वर फोन करा.

ओ-रिंगची किंमत किरकोळ आणि पाइप तपासायला पाच मिनिटे. पावसाळ्याच्या तोंडावर ही पाच मिनिटे काढली, तर गरज पडेल तेव्हा बोट पहिल्याच दोरीला सुरू होईल.