गुगलचा हुकलेला अंदाज

नोव्हेंबर 2008 मध्ये गुगलने अमेरिकेत ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केले. लोक नेटवर काय शोधतात, त्यावरून साथीचा अंदाज! ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्यसंस्थेचे आकडे यायला एक-दोन आठवडे लागत, गुगलला एक दिवस पुरे.

सुमारे 5 कोटी शोधशब्दांतून फ्लूच्या आकड्यांशी जुळणारे 45 निवडले गेले. चाळणीत पहिल्या शंभरात ‘हायस्कूल बास्केटबॉल’ही आले होते. फ्लूशी संबंध शून्य, फक्त दोघांचा हंगाम एक.

2009 च्या वसंतातली स्वाइन फ्लूची लाट या यंत्रणेला नीट दिसलीच नाही. 2012-13 च्या हिवाळ्यात मात्र तिचा आकडा प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. बातम्यांनी धास्तावलेली धडधाकट माणसेही ‘फ्लू’ शोधत असावीत.

2015 मध्ये गुगलने हे अंदाज देणे थांबवले. संशोधकांना आढळले होते, की या अंदाजांना सीडीसीच्या उशिरा येणाऱ्या आकड्यांची जोड दिली, तर ते बरेच सुधारतात.