अंगठीतून जाणारी शाल

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथल्या अन्स्ट बेटावरच्या बायका लोकरीची अशी तलम शाल विणत, की ती बोटातल्या अंगठीतून आरपार जाई. अशा शाली लंडनच्या श्रीमंत घरांत मिरवल्या. पण त्या विणणारे हात कष्टकरी बायांचे होते. पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतानाही त्या बाया विणत असत.

आपल्या भगिनींना सुलट-उलट टाके ठाऊक आहेतच. जाळीच्या विणीत दोनच गोष्टी अधिक. सुईवर दोऱ्याचा एक जादा वेढा घेतला की तिथे भोक पडते आणि टाका वाढतो. मग दोन टाके एकत्र विणून हिशेब सारखा करायचा. एक वेढा विसरला तर ओळीच्या शेवटी टाका कमी भरतो आणि नक्षी सरकते. सुईवरून टाका निसटला तर तो खालच्या ओळी उसवत जातो. चार संध्याकाळची मेहनत एका घटकेत जाते, तेव्हा रडू येते.

त्यावर साधा उपाय आहे. दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. उसवायची वेळ आली तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

आनंद मात्र शेवटी मिळतो. सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ती धुऊन, चारी बाजूंनी ताणून वाळवली की एकेक भोक उघडते आणि नक्षी डोळ्यांपुढे उभी राहते. शेटलंडमध्ये त्यासाठी लाकडी चौकटी असत.

पण उसवून दुरुस्त होणार नाही असे एक दुःख त्या बायांना होते. व्यापारी शालीचे पैसे रोख देत नसे. त्याच्याच दुकानातला चहा, कापड घ्यावे लागे. घरात पीठ नसले तर बाई तोच चहा दुसऱ्याला देऊन पीठ मिळवी. १८७२ साली सरकारी चौकशी झाली. विणणाऱ्या बायांनी आयोगापुढे उभे राहून आपली हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती आजही छापील अहवालात वाचायला मिळते. १८८७ च्या कायद्याने घरी विणलेल्या लोकरी मालालाही संरक्षण दिले. रीत लगेच सुटली नाही, पण बायांचे म्हणणे नोंदले गेले, ते पुसता आले नाही.

आपल्यातही कितीतरी भगिनी घरबसल्या विणकाम, भरतकाम करून देतात. "रिकाम्या वेळचे काम" म्हणून त्याचे मोल कमी धरले जाते. म्हणून आम्ही सांगतो, लोकरीचा खर्च आणि लागलेले तास वहीत लिहा. भाव आधी ठरवा आणि मोबदला रोख घ्या. सुटलेला टाका आपला आपण उचलता येतो. बुडालेली मजुरी मात्र तोंड उघडल्याशिवाय परत येत नाही.