चालता चालता बंद पडली म्हणजे ‘इंजिन गेलं’ नव्हे

डिझेल पिकअप रस्त्यात एकाएकी बंद पडली की अर्ध्या तासात निकाल लागतो : ‘इंजिन बसलं, खोलावं लागेल.’ निकाल देणाऱ्याने दोनदा सेल्फ मारून पाहिलेला असतो आणि गाडीने उचललेलं नसतं, एवढाच त्याचा पुरावा. मग गाडी ओढत गॅरेजला जाते, हेड उतरतं आणि आंबा नाहीतर टोमॅटो भरून निघालेल्या माणसाच्या गळ्यात बोअर-पिस्टनचं बिल पडतं. पुढे कधीतरी कळतं की दोष फिल्टरमध्ये होता किंवा एखाद्या रिलेत. हप्त्यावरच्या गाडीवर ज्याचं घर चालतं, त्याला हा खर्च वर्षभर सावरत नाही. म्हणून हा समज मोडून काढायलाच हवा.

समजाला जुना आधार आहे, हे आधी मान्य करू. मायकोच्या यांत्रिक डिझेल पंपाच्या काळातल्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसे. दोरी ओढून बंद करायच्या गाड्यांत बॅटरीची तार काढली तरी इंजिन फिरत राही. पंप इंजिनावरच चाले आणि नोझल दाबाने आपोआप उघडे. अशी गाडी बंद पडली की कारण एकतर डिझेलमध्ये सापडे, नाहीतर इंजिनाच्या पोटात. ‘डिझेलला वायरिंगशी काय देणंघेणं’ हे वाक्य त्या काळात खरं होतं.

आता ते खरं नाही. सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल पुरवणारी कॉमन रेल पद्धत मोटारींमध्ये १९९७ साली बाजारात आली. आपल्याकडे धुराचे बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. ते पाळायला आजच्या पिकअपमध्ये इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्यासाठी क्रँक कुठल्या कोनात आहे हे सांगणारा सेन्सर लागतो. त्याचा सिग्नल तुटला की ईसीयू डिझेल सोडणंच थांबवतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं ठणठणीत असतानाही इंजिन क्षणात गप्प होतं. उंदराने कुरतडलेली एक वायर किंवा गंजलेला अर्थ पॉइंट त्याला पुरतो.

त्यामुळे पहिला प्रश्न चालकाला विचारायचा : गाडी बंद कशी पडली? या एका उत्तरात निम्मं निदान असतं. चावी फिरवल्यासारखी, कसलाही आवाज न होता बंद झाली, तर आधी विजेकडे बघा. चढावर ओढ कमी झाली, दोन-चार आचके दिले आणि मग थांबली, तर डिझेल पोचत नाही. भरलेली गाडी आंबा घाट चढत असते तेव्हा इंजिनाला सर्वांत जास्त डिझेल लागतं. म्हणून अर्धवट तुंबलेला फिल्टर सपाटीवर निभावून नेतो आणि नेमका घाटात दगा देतो. खरोखर जाम होणारं इंजिन सहसा आधी सांगतं : ऑइलचा लाल दिवा लागतो, खालून ठोके येतात, करपल्याचा वास येतो, मग झटका बसून सगळं अडकतं. यातलं काहीच झालं नसेल, तर ‘इंजिन बसलं’ म्हणणाऱ्याला पुरावा मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुरावा मिळवायलाही फार काही लागत नाही. गाडी न्यूट्रलला ठेवा, चावी काढून घ्या, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवा. पूर्ण दोन फेरे फिरलं म्हणजे चारही सिलिंडरचं एक चक्र पूर्ण झालं आणि इंजिन जाम नाही, हे सिद्ध झालं. जोर लागतो, कारण कॉम्प्रेशन असतं. पण जोर लागणं वेगळं आणि जागचं न हलणं वेगळं. अजिबात हललं नाही, तरी घाई नको. बेल्ट उतरवून पुन्हा बघा, कारण अल्टरनेटर किंवा एसी कॉम्प्रेसर अडकला तरी असंच वाटतं.

इंजिन हाताने फिरतं, सेल्फवरही फिरतं, पण पेट घेत नाही. आता एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. पांढुरका धूर आला, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातंय, फक्त पेटत नाही. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोचतच नाही. तसं असेल तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि मधली रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. हातपंप असेल तर दाबून बघा. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कुठल्यातरी जोडातून हवा शिरतेय. ‘एअर घेतली’ म्हणतात ती हीच. सेल्फ मारताना आवाज नेहमीपेक्षा हलका आणि भरभर येत असेल, तर मात्र थांबा. टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटलेली असू शकते आणि उगाच सेल्फ मारत राहिल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन उघडायला सबळ कारण म्हणतात ते हे.

याच टप्प्यावर जुन्या हाताची एक सवय जिवावर बेतते. हवा काढायला इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून सेल्फ मारायचा, ही मायको पंपावरची रीत. कॉमन रेलवर ती कधीही करू नये. चालू इंजिनात रेलमधला दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त जातो. कारच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र डिझेल बोटभर पसरलेलं असतं. वैद्यकीय साहित्यात ही तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम मानली जाते. काही तासांचा उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. ‘काही नाही, जरासं टोचलं’ म्हणून घरी जाऊ नका, सरळ रुग्णालय गाठा.

‘स्कॅनरने पंप खराब दाखवला’ हेही रोजचंच. स्कॅनर असं सांगत नाही. पी-००८७ या प्रमाणित कोडचा अर्थ रेलमधला दाब कमी आहे, एवढाच. दाब कमी का, याची उत्तरं अनेक : तुंबलेला फिल्टर, शिरलेली हवा, परतीच्या वाटेने डिझेल सोडणारा इंजेक्टर, आणि पंपही. इंजेक्टर तपासायला मेकॅनिकने परतीच्या नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावून सेल्फ मारायचा. एक बाटली इतर तिघींच्या कितीतरी आधी भरली, तर चोर सापडला. हे न करता पंप बदलायला सांगणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

असेच आणखी काही समज. ‘टेम्परेचरचा काटा मध्यावरच होता, म्हणजे इंजिन तापलं नव्हतं.’ कूलंट पूर्ण गळून गेल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो. कूलंटची बाटली आणि रेडिएटर डोळ्यांनी बघा, पण इंजिन थंड झाल्यावरच.

‘पुराच्या पाण्यात बंद पडली तर धक्का मारून चालू करा.’ सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगलं इंजिन खरोखर बाद करण्याचा हा हमखास मार्ग आहे.

‘ग्लो प्लग गेले म्हणून चालती गाडी थांबली.’ ग्लो प्लग थंड इंजिन सुरू करायला असतात. तापून धावणाऱ्या गाडीला ते थांबवत नाहीत.

‘डिझेलमध्ये थोडं रॉकेल घातलं तर नोझल साफ राहतात.’ कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल ते पातळ करतं आणि पंप झिजतो.

‘चावी बंद केली की डिझेल इंजिन थांबणारच.’ टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊ लागलं, तर चावी काढली तरी ते भडकत जातं. अशा वेळी मोठ्या गिअरमध्ये ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडा. तेही जमलं नाही, तर इंजिनापासून लांब व्हा, शेजारी उभ्या माणसांनाही लांब करा. थांबल्यानंतर टर्बो तपासल्याशिवाय सेल्फला हात लावू नका.