स्तनाच्या गाठीतील एक नवी खूण

“गाठ सुपारीएवढी, दुखतही नाही. मग डॉक्टरांकडे कशाला जावयाचे?” रुग्णभेटीस गेलो असता हे वाक्य मी अनेक मातांच्या तोंडून ऐकले आहे. लाजेपोटी महिने निघून जातात. पण वाचकहो, गाठीच्या आकारावरून तिचा स्वभाव नेहमीच कळतो असे नाही. एक गाठ दीर्घकाळ जागच्या जागी राहते. तेवढीच दुसरी आपल्या पेशी हाडांत व फुप्फुसांत धाडते. हा स्वभाव आधी ओळखावा कसा?

या शोधात शास्त्रज्ञांची दृष्टी एका उपेक्षित वस्तूकडे वळली. पेशीच्या केंद्रात डीएनए ही जणू मूळ पोथी असते. तिच्यातील मजकुराची नक्कल म्हणजे आरएनए. या नकलेवरून प्रथिने घडतात, असे आपण शाळेत शिकलो. परंतु पोथीचा शेकडा २ हूनही कमी भाग प्रथिनांच्या कामी येतो. उरलेल्या भागाच्याही पुष्कळ नकला निघतात. त्यांपैकी २०० हून अधिक अक्षरांच्या नकलांना ‘लांब असंकेती आरएनए’ म्हणतात. कित्येक विद्वानांनी हा सारा केरकचरा ठरविला होता. (एवढी घाई कशासाठी, कोण जाणे!)

२००७ साली अमेरिकेत जॉन रिन, हॉवर्ड चँग प्रभृतींनी अशाच एका आरएनएचे वर्णन करून त्यास ‘हॉटेअर’ हे नाव दिले. तो स्वतः प्रथिन घडवीत नाही; इतर प्रथिनांना हाताशी धरून काही जनुकांची तोंडे बंद करतो. स्तनाच्या ज्या गाठींत त्याचे प्रमाण फार वाढलेले होते, त्या रुग्णांत रोग पसरण्याचा व मृत्यूचा धोका अधिक आढळला, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत तो घटविला असता कर्कपेशींचा आक्रमकपणा ओसरला.

मात्र ही खूण अद्याप नित्याच्या उपचारात आलेली नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांची मोजमापे जुळली पाहिजेत, आणि त्या मोजमापावरून उपचार ठरविल्याने रुग्णाचे आयुष्य वाढते हेही दिसले पाहिजे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी अशाच एका आरएनएची लघवीतील चाचणी अमेरिकेत २०१२ साली मान्य झाली आहे.

तोवर हाती काय आहे? मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, नुसत्या हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष आला: पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३० च्या जवळपास घटले होते.